मेसेजचं अ‍ॅप कुठलं, हे मला ठरवू द्या

व्हॉट्सअ‍ॅप नको असेल तर काढून टाकता येतं. एसएमएस टाळता येत नाही. बँकेचा ओटीपी, पेन्शन जमा झाल्याचा निरोप, सिलिंडर घेताना द्यायचा कोड, लाइट बिल, सगळं तिथेच येतं. म्हणून फोनमधलं सगळ्यात सार्वजनिक, सगळ्यात गरजेचं अ‍ॅप माझ्या मते हेच. आणि नेमकं तेच निवडताना आपल्याला कोणी विचारत नाही.

आईचा नवा फोन चालू करून दिला तेव्हा त्याने भाषा विचारली, वायफाय विचारलं, बोटाचा ठसा घेतला. मेसेज कुठल्या अ‍ॅपमध्ये हवेत, याचा प्रश्नच नाही. आता पेन्शनचा मेसेज शोधायला तिला अंगठ्याने कितीतरी वर सरकवत जावं लागतं. मधे पूर्वमंजूर कर्ज, रमी, दागिन्यांवरची सूट. कंपनीचा लोगो, नावाशेजारी बरोबरची खूण, खाली दाबायला बटणं. ती म्हणते, "अरे, खूण आहे म्हणजे बँकेचंच असेल ना?" या प्रश्नाने मला खरोखर भीती वाटते.

हे लोगो-बटणांचे, चित्रांचे मेसेज म्हणजे आरसीएस, एसएमएसचा नवा अवतार; अँड्रॉइडवर तो गुगलच्या मेसेजेस अ‍ॅपमध्ये येतो. साध्या एसएमएसला निदान ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, धाक आहे. 2025 पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी अक्षर असतं, जाहिरात असेल तर पी, सरकारी असेल तर जी. आरसीएस इंटरनेटवरून येतो, त्यात ही सोय नाही. जून 2022 मध्ये भारतात या मार्गाने जाहिरातींचा इतका मारा झाला होता की गुगलला त्या इथे थांबवाव्या लागल्या होत्या.

कोणी म्हणेल, अँड्रॉइडवर अ‍ॅप बदलता येतं की! येतं. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, मग डिफॉल्ट अ‍ॅप्स, मग एसएमएस. 2013 साली अँड्रॉइड 4.4 आलं तेव्हापासून ही व्यवस्था आहे आणि ती चांगली आहे. मेसेज फोनच्या सामाईक साठ्यात राहतात, अ‍ॅप बदललं तरी जुने एसएमएस जात नाहीत. फॉसिफाय मेसेजेस हे मोफत, जाहिराती नसलेलं, मुक्त स्रोताचं (ज्याचा कोड कोणीही पाहू शकतो असं) अ‍ॅप मी स्वतः वापरतो.

पण आरसीएससाठी गुगलने असं दार बाहेरच्या अ‍ॅप्सना उघडून दिलेलंच नाही. दुसरं अ‍ॅप निवडलं की आरसीएस गेलं. म्हणजे निवडीचं बटण जागेवर आहे, पण ते दाबणाऱ्याला नवं तंत्रज्ञान मिळणार नाही. याला मी निवड म्हणायला तयार नाही. पर्यायही आटत चाललेत. सिग्नल या चॅट अ‍ॅपमधून एसएमएसही पाहता-पाठवता यायचे; ऑक्टोबर 2022 मध्ये त्याने ते सोडत असल्याचं जाहीर केलं, फेसबुक मेसेंजरनेही सप्टेंबर 2023 मध्ये ते बंद केलं.

आयफोनवाल्यांची गत वेगळी नाही. डिसेंबर 2024 च्या आयओएस 18.2 पासून मेसेजसाठी डिफॉल्ट अ‍ॅप निवडता येतं खरं, पण एसएमएस येतो तो अ‍ॅपलच्याच अ‍ॅपमध्ये.

जानेवारी 2011 मध्ये देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली. नंबर माझा, कंपनी मी बदलेन. हे कुठल्याही कंपनीने आपणहून दिलेलं नाही, नियम करून द्यायला लावलं. मेसेजच्या बाबतीतही तसंच व्हायला हवं. फोन पहिल्यांदा चालू होतानाच अ‍ॅप विचारा, आणि आरसीएसचं दार सगळ्या अ‍ॅप्सना सारखं उघडा. ट्रायने आणि स्पर्धा आयोगाने यात लक्ष घालावं, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

तोवर घरच्या ज्येष्ठांचे फोन हातात घ्या. गुगल मेसेजेस असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये आरसीएस चॅट्स बंद करता येतं. आईचं मी कालच केलं. मराठीत नीट चालणारं, मोठ्या अक्षरांचं एखादं एसएमएस अ‍ॅप कोणी आई-वडिलांना लावून दिलं असेल, तर नाव खाली नक्की लिहा.