ओरेस्टेस डेस्ट्राडे आणि २६ होम रनांचा गैरसमज

ओरेस्टेस डेस्ट्राडे यांच्याविषयीचा एक समज बेसबॉलप्रेमींमध्ये वर्षानुवर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात असतो. थोडक्यात तो असा : हा क्यूबातून पळून आलेला खेळाडू, अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये (तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत) त्याची डाळ शिजली नाही, म्हणून त्याने जपानच्या सोप्या लीगमध्ये जाऊन होम रनांचा (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणाऱ्या फटक्यांचा) ढीग रचला, आणि खेळ संपल्यावर नावाच्या जोरावर समालोचकाची खुर्ची मिळवली. पुरावा म्हणून मेजर लीगमधील २६ होम रनांचा आकडा दिला जातो. आकडा बरोबर आहे. त्याच्याभोवती रचलेली चारही विधाने मात्र चुकीची किंवा अर्धवट आहेत, आणि एका माणसाच्या पंधरा वर्षांच्या मेहनतीचा निकाल अशा रीतीने लागू नये, असे मला मनापासून वाटते.

पहिले विधान पळून येण्याचे. डेस्ट्राडे यांचा जन्म ८ मे १९६२ रोजी सांतियागो दे क्यूबा येथे झाला आणि वयाच्या सहाव्या वर्षी ते कुटुंबासह अमेरिकेत आले. सहा वर्षांचे मूल देश सोडून पळत नाही. आईवडील जिथे जातात तिथे तेही जाते. त्यांचे बालपण मायामीत गेले, शालेय बेसबॉल ते तिथल्याच ख्रिस्तोफर कोलंबस हायस्कूलमध्ये खेळले आणि १९८१ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने त्यांना करारबद्ध केले. क्यूबाच्या शासकीय क्रीडाव्यवस्थेत ते एक दिवसही घडलेले नाहीत. त्या बेटावर व्यावसायिक खेळांवर १९६१ मध्येच बंदी आली होती आणि तिच्या जागी आलेली हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा जानेवारी १९६२ मध्ये, म्हणजे डेस्ट्राडे यांच्या जन्माच्या चार महिने आधी, सुरू झाली होती. ‘क्यूबाचा खेळाडू’ हे शब्द त्यांच्या बाबतीत फक्त जन्मस्थानापुरते खरे ठरतात.

या गोंधळाचे एक कारण मला दिसते. क्यूबाच्या राष्ट्रीय संघातून बाहेर पडून मेजर लीगमध्ये पोहोचलेले पहिले खेळाडू रेने अरोचा. जुलै १९९१ मध्ये संघ मायामीत असताना ते विमानतळावरून निघून गेले आणि १९९३ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सकडून मेजर लीगमध्ये उतरले. डेस्ट्राडे फ्लोरिडा मार्लिन्सकडून खेळले तेही १९९३ मध्येच. एकाच वर्षी एकाच लीगमध्ये क्यूबात जन्मलेले दोन नवे चेहरे दिसले, तेव्हा एकाची गोष्ट दुसऱ्याच्या माथी लागणे सोपे आहे. परंतु अरोचा मायामीत संघ सोडत होते तेव्हा मायामीतच वाढलेले डेस्ट्राडे जपानमधला आपला तिसरा हंगाम खेळत होते. क्यूबाच्या जुन्या व्यावसायिक काळाशी खरे नाते असलेला खेळाडू पाहायचा असेल तर तो कुकी रोहास. १९३९ मध्ये हवानात जन्मलेले रोहास १९५९ च्या सुमारास हवाना शुगर किंग्ज या संघातून खेळले, मेजर लीगमध्ये १९६२ ते १९७७ इतका काळ टिकले आणि पुढे मार्लिन्सच्या सामन्यांचे स्पॅनिशमधून समालोचन करू लागले. खेळाडू आणि मग समालोचक, एवढे साम्य सोडले तर या दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या आहेत.

आता अपयशाचा मुद्दा. मेजर लीगमध्ये डेस्ट्राडे एकूण २३७ सामने खेळले, त्यांची फलंदाजीची सरासरी (अधिकृत फलंदाजीच्या दर वेळेमागे यशस्वी फटके) ०.२४१ होती आणि होम रन २६ होते. हा दिग्गजाचा हिशेब नव्हे, हे आधीच मान्य करतो. पण हे २३७ सामने कोणत्या हप्त्यांनी मिळाले, ते पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. यांकीजच्या मायनर लीगमधील, म्हणजे खालच्या पातळीवरच्या, संघांत सहा वर्षे काढल्यावर सप्टेंबर १९८७ मध्ये त्यांना वर बोलावले गेले, तेव्हा त्यांच्या जागेवर, म्हणजे पहिल्या बेसवर (धावताना गाठायच्या पहिल्या तळावर), डॉन मॅटिंग्ली उभे होते. मॅटिंग्ली १९८५ चे अमेरिकन लीगचे सर्वोत्तम खेळाडू होते आणि त्याच १९८७ च्या हंगामात तिन्ही बेस भरलेले असताना सहा होम रन मारण्याचा विक्रम त्यांनी केला होता. अशा माणसाच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या नवोदिताला नऊ सामने मिळाले. पुढच्या वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सकडे ३६ सामने मिळाले, तेही बहुतांशी एखाद्याच्या बदली फलंदाजीला येऊन, आणि तिथे सरासरी ०.१४९ पर्यंत घसरली. दोन्ही मिळून अधिकृत फलंदाजी भरते ६६ वेळांची. नियमित खेळणाऱ्या फलंदाजाला एवढी संधी तीन आठवड्यांत मिळते. जपानला जाण्यापूर्वीचे त्यांचे ‘अपयश’ एवढ्याच भांडवलावर उभे आहे.

पूर्ण हंगाम त्यांना एकदाच मिळाला, आणि तो १९९३ चा. मार्लिन्सचा तो पहिलावहिला हंगाम होता, शहर त्यांच्या लहानपणीचे मायामी होते आणि पहिल्या बेसची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १५३ सामन्यांत २० होम रन आले आणि त्यांच्या फटक्यांवर ८७ धावा झाल्या. या दोन्ही बाबतींत संघात त्यांच्यापुढे कोणी नव्हते. नव्याने उभ्या राहिलेल्या, ९८ सामने हरलेल्या संघात तिशी ओलांडलेल्या फलंदाजाने हे केले, तर त्याला सपशेल अपयश म्हणणे न्यायाचे नाही. उलट बाजूही सांगायला हवी. त्या हंगामात ते १३० वेळा स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाले आणि १९९४ मध्ये फटके थंडावल्यावर ३९ सामन्यांनंतर मार्लिन्सने त्यांना मोकळे केले. मेजर लीगमध्ये त्यांचे बस्तान फार काळ बसले नाही, एवढेच यातून सिद्ध होते.

सर्वांत अधिक अन्याय होतो तो जपानविषयीच्या वाक्यात, म्हणून तिथे जरा थांबतो. १९८९ चा हंगाम बराच पुढे सरकल्यावर डेस्ट्राडे सेइबू लायन्समध्ये दाखल झाले आणि उरलेल्या ८३ सामन्यांत त्यांनी ३२ होम रन मारले. जपानचा हंगाम तेव्हा १३० सामन्यांचा असे. हाच वेग पूर्ण हंगामाला लावला तर संख्या पन्नासवर जाते. त्यानंतर १९९० मध्ये ४२, १९९१ मध्ये ३९ आणि १९९२ मध्ये ४१ होम रन मारून सलग तीन वर्षे ते जपानच्या दोन लीगपैकी पॅसिफिक लीगमध्ये पहिले आले. या तिन्ही वर्षी सेइबूने जपान सीरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकली. फलंदाजीच्या क्रमात कोजी अकियामा तिसरे, काझुहिरो कियोहारा चौथे आणि डेस्ट्राडे पाचवे येत. या क्रमाला फार अर्थ होता. कियोहारांना जपून टाकायचे म्हणून पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) चार बॉल बाहेर टाकून त्यांना पहिल्या बेसवर जाऊ दिले, तर समोर दोन्ही बाजूंनी फलंदाजी करणारा, चष्मा लावलेला हा उंचापुरा माणूस उभा राहत असे. उजव्या हाताचा पिचर असो की डावखुरा, त्याला सोयीची बाजू उरत नसे.

१९९० च्या जपान सीरीजचा पहिला सामना टोकियो डोममध्ये झाला. समोर योमिउरी जायंट्स होते, ज्यांनी त्या वर्षी सेंट्रल लीग तब्बल २२ सामन्यांच्या फरकाने जिंकली होती. पहिल्याच डावात दोन सहकारी बेसवर असताना डेस्ट्राडे यांनी हिरोमी माकिहारा यांचा चेंडू प्रेक्षकांत पोहोचवला आणि तीन धावा फलकावर लागल्या. जायंट्स त्यातून सावरलेच नाहीत. चारही सामने सेइबूने जिंकले आणि मालिकेचे सर्वोत्तम खेळाडू डेस्ट्राडे ठरले. होम रननंतर धनुष्याची दोरी कानापर्यंत ओढावी तशी मूठ मागे खेचण्याची त्यांची लकब होती. त्या काळचा बेसबॉल पाहिलेले जपानी प्रेक्षक त्यांना आजही त्या मुद्रेवरून ओळखतात. देशाच्या सर्वांत मोठ्या मालिकेत, सर्वांत लोकप्रिय संघाविरुद्ध, त्याच्याच मैदानावर मारलेल्या या फटक्याला ‘सोप्या लीगमधला’ म्हणणाऱ्याने तो सामना पाहिलेला नसावा.

लीग खरोखर सोपी होती का, हेही ताडून पाहता येते. सेसिल फील्डर यांनी १९८९ मध्ये हानशिन टायगर्सकडून ३८ होम रन मारले आणि पुढच्याच वर्षी डेट्रॉइटकडून मेजर लीगमध्ये ५१ मारले. याउलट मेजर लीगमध्ये दोनशेहून अधिक होम रन मारलेले रॉब डीअर १९९४ मध्ये त्याच हानशिनकडे आले, तेव्हा त्यांना केवळ आठ मारता आले आणि सरासरी ०.१५१ वर अडकली. लीग सोपी असती तर डीअर यांनी तिथे धुमाकूळ घातला असता. जपानी पिचरांच्या फसव्या चेंडूंसमोर थांबून राहणे, वेगळा स्ट्राइक झोन (चेंडू वैध ठरण्याचा पट्टा) ओळखणे, परक्या भाषेत प्रशिक्षकाचे म्हणणे समजून घेणे आणि परदेशी खेळाडूंसाठीच्या मोजक्या जागांपैकी आपली जागा टिकवणे, हे सारे ज्याला साधते तोच तिथे तग धरतो. डेस्ट्राडे १९९२ मध्ये जपानमध्ये ४१ आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत २० मारतात, यावरून दोन लीगच्या पातळीत फरक होता असे कोणी म्हटले, तर मी ते अमान्य करणार नाही. फरक असणे वेगळे आणि सोपे असणे वेगळे. १९९५ मध्ये ते सेइबूकडे परतले, तेव्हा ४६ सामन्यांत सहाच होम रन झाले आणि जपानमधील त्यांची एकूण संख्या १६० वर थांबली. परतलेल्या नायकालाही ती लीग सवलत देत नव्हती, हे त्या सहाच्या आकड्यात दिसते.

राहिले समालोचनाचे. इथे हा समज स्वतःलाच छेद देतो. अमेरिकेत हा माणूस अपयशी ठरला असे एकीकडे म्हणायचे आणि अमेरिकेतल्या वाहिनीवरची खुर्ची त्याला नावामुळे मिळाली असे दुसरीकडे म्हणायचे, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. नाव होते ते जपानमध्ये. २६ होम रनांच्या शिदोरीवर अमेरिकन वाहिनी कोणाला वर्षानुवर्षे बोलावत नाही. डेस्ट्राडे यांनी ईएसपीएनच्या ‘बेसबॉल टुनाइट’ या कार्यक्रमात विश्लेषक म्हणून काम केले, एक्सएम या उपग्रह रेडिओवर बेसबॉलचे कार्यक्रम केले आणि २०११ पासून टँपा बे रेजच्या सामन्यांपूर्वीच्या व नंतरच्या कार्यक्रमांत ते दिसू लागले. रेज मेजर लीगमध्ये पहिला सामना खेळले १९९८ मध्ये. डेस्ट्राडे यांची कारकीर्द १९९५ मध्येच संपली होती. ज्या संघाकडून ते कधी खेळलेच नाहीत, त्याच्या सामन्यांचे विश्लेषण त्यांच्याकडे आले, यात माजी खेळाडूची सोय लावण्याचा भाग कुठे येतो?

रेडिओवरच्या अशा कार्यक्रमात तर फलक, रिप्ले, चेहरा यांपैकी काहीच मदतीला नसते. बोलणाऱ्याला खेळ समजत नसेल तर श्रोत्याला ते चटकन कळते. स्टुडिओतल्या विश्लेषकाचे काम चेंडूगणिक वर्णन करणाऱ्या समालोचकापेक्षा वेगळे असते. सामना संपल्यावर मोजक्या मिनिटांत त्याला सांगावे लागते की फलंदाज त्या चेंडूवर का चुकला, पिचरने तोच चेंडू पुन्हा का टाकला, आणि सारखा बाकावर बसणारा खेळाडू एकाच संधीत घाई का करतो. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मॅटिंग्लींना शोधावे लागले नव्हते. डेस्ट्राडे यांनी ते यांकीजच्या नऊ आणि पायरेट्सच्या ३६ सामन्यांत अनुभवले होते. सहाव्या वर्षी स्पॅनिश बोलत मायामीत आलेला तो मुलगा पन्नाशीच्या उंबरठ्यावर रेजच्या कार्यक्रमात बसून टँपाच्या प्रेक्षकांना इंग्रजीतून हेच समजावून सांगत होता.