बिटकॉइन म्हणजे पैसा नव्हे: फिरत्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "बिटकॉइन हाच उद्याचा खरा पैसा. सरकारनं टॅक्स लावला म्हणजे मान्यता दिली. नाणी मर्यादित, म्हणून भाव वाढणारच. बँका-सोसायट्या बुडतात, क्रिप्टो बुडत नाही. पिग्मी मोडा आणि यात टाका." बिटकॉइन म्हणजे फक्त कॉम्प्युटर-मोबाईलवर असणारं नाणं; अशा सगळ्या नाण्यांना मिळून क्रिप्टो म्हणतात. मेसेजचं शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना.

आधी टॅक्सचं. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, वर त्या करावर 4 टक्के सेस. लॉटरीच्या बक्षिसावरही 30 टक्केच लागतो, म्हणून तिकीट काही चलन होत नाही. नियम मात्र नीट वाचा. एका नाण्यात 50,000 कमावले आणि दुसऱ्यात तेवढेच घालवले, तर हातात काहीच उरत नाही. तरी 15,600 रुपये भरावे लागतात. तोटा वजा करता येत नाही, पुढच्या वर्षात ओढताही येत नाही. मेसेज पाठवणारे हे सांगत नाहीत.

बिटकॉइन 2 कोटी 10 लाखांच्या वर निघणार नाहीत, हे खरं आहे. पण भाव घेणाऱ्यांवर ठरतो. नोव्हेंबर 2021 मध्ये एक बिटकॉइन 69,000 डॉलरच्या आसपास होता. वर्षभरात तो 16,000 च्या खाली आला. पुढे परत वर गेला हेही खरं, पण तेवढा दम धरायला पदरी शिल्लक लागते.

आणि इथंच 'खरा पैसा' अडतो. वडगावचा विणकर सूत उधारीवर घेतो, साडी मागावरून उतरून विकली गेली की पैसे चुकते करतो. उधारी लिहिली त्या दिवशीचा आकडा फेडायच्या दिवशीही तोच असतो, म्हणून दोघांना झोप लागते. ती बिटकॉइनमध्ये लिहिली आणि मध्येच भाव दीडपट झाला, तर त्याच सुतासाठी दीडपट रुपये मोजावे लागतील; पडला तर सूतवाला बसेल. असा हिशेब कोणता व्यापारी करील? एल साल्व्हादोर देशानं सप्टेंबर 2021 मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं होतं. जानेवारी 2025 मध्ये कायदा बदलून ते घेण्याची सक्ती काढून टाकावी लागली.

राहिलं बुडण्याचं. सोसायट्यांत ठेवी अडकलेल्या माणसांचा राग मला पटतो. म्हाताऱ्यांची आयुष्याची कमाई गेली की शब्द सुचत नाहीत. पण क्रिप्टो बुडत नाही, हे धादांत खोटं आहे. मे 2022 मध्ये लुना नावाचं नाणं काही दिवसांत मातीमोल झालं. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांना कित्येक महिने स्वतःची नाणी काढता आली नाहीत. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसोसायटीला तो नसतो, म्हणून तिथं ठेवताना जपून. पण सोसायटीनं पैसे दिले नाहीत तर पावती घेऊन सहकार खात्यात तक्रार तरी करता येते. परदेशातून चालणारं ॲप बंद पडलं तर त्याचं ऑफिस ना बेळगावात सापडेल ना बेंगळुरात.