बिनपात्याचा कॉम्प्रेसर आणि ९५ टक्क्यांची कथा

गेल्या महिन्यात भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, बघा की, आपल्याला जमेल." दोन दिवसांनी तोच व्हिडिओ आमच्या टर्नरने दाखवला, मग सोसायटीच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: निकोला टेस्लाने शंभर वर्षांपूर्वी पात्यांशिवाय चालणारा कॉम्प्रेसर शोधला. पाती नाहीत म्हणून घर्षण नाही, झीज नाही. कार्यक्षमता ९५ टक्के. बड्या कंपन्यांनी तो दडपला. आणि जुन्या हार्ड डिस्कच्या चकत्या घेऊन तो घरी बनवता येतो, गाडीच्या टायरमध्ये हवा भरण्याइतका.

टेस्ला खरा, चकत्याही खऱ्या. पण आधी "पाती नाहीत" याचं एवढं कौतुक कशाला? पंक्चरवाल्याकडे जो पट्ट्यावर धडधडतो त्या पिस्टनच्या कॉम्प्रेसरलाही पाती नसतात. कारखान्यातल्या स्क्रू कॉम्प्रेसरलाही नसतात. (उलट 'बिनपात्याचा' म्हणून विकला जाणारा डायसनचा पंखा घ्या, त्याच्या बुडात पात्यांचा इम्पेलर बसवलेला असतो.)

"घर्षण नाही" या वाक्यावर मात्र थांबायला हवं, कारण हे यंत्र चालतं तेच घर्षणावर. एका शाफ्टवर गुळगुळीत चकत्या ओळीने बसवलेल्या, मध्ये पातळ वॉशरएवढी फट. मधल्या भोकातून हवा आत येते. चकतीला लागून असलेला हवेचा थर चकतीला चिकटून तिच्याच वेगाने फिरतो, तो शेजारच्या थराला ओढतो, तो पुढच्याला. अशी गरगरत हवा कडेला सरकते आणि केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, दाबाने बाहेर पडते. या ओढण्यालाच हवेचा चिकटपणा म्हणायचं, म्हणजे तिचं आतलं घर्षण. ते काढून टाकलं तर चकत्या नुसत्या फिरतील आणि हवा जागची हलणार नाही.

शिवाय थर थरावर घसरला की तेवढी ताकद उष्णता होऊन वाया जाते. घसरण कमी हवी तर फट अरुंद ठेवावी लागते. मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर हवेसाठी ती जेमतेम ०.४ मिलिमीटर भरते. फट अरुंद केली की हवा कमी जाते, आणि हवा वाढवायला चकत्या वाढवाव्या लागतात. चकत्या वाढल्या की शाफ्ट लांबतो आणि बॅलन्सिंगची डोकेदुखी सुरू होते. झीज पात्यांची नसेल, पण बेअरिंगं आणि सीलं काही सुटत नाहीत.

आता ९५ टक्के. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही, म्हणून तो जास्त फसवतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या वॉरन राइस यांनी १९६० च्या दशकापासून या यंत्राचा गणिती आणि प्रत्यक्ष अभ्यास केला. त्यांच्या विश्लेषणात निघतं की नुसत्या रोटरची, म्हणजे फिरणाऱ्या चकत्यांच्या संचाची, कार्यक्षमता ९५ टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. अट एकच: प्रवाह अगदी कमी हवा. म्हणजे ढीगभर चकत्यांचा अवजड रोटर आणि त्यातून जाणारी चिमूटभर हवा. फॉरवर्डमध्ये आकडा आला, अट गळली. हवा रोटरमध्ये शिरताना आणि केसिंगमधून बाहेर पडताना होणारं नुकसान त्या आकड्यात धरलेलंच नाही. हेच यंत्र उलट चालवलं, म्हणजे दाबाच्या हवेने किंवा वाफेने चकत्या फिरवल्या, की ते टर्बाइन होतं; राइस यांच्याच १९६५ च्या हवेवरच्या टर्बाइन चाचण्यांत कार्यक्षमता ३६ ते ४१ टक्के आली. पंप आणि कॉम्प्रेसर थोडे बरे, पण तेही साधारण ६५ टक्क्यांच्या आतच राहिले. पात्यांचा चांगला सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर सहज ७५ ओलांडतो.

मग व्हिडिओत एवढं भारी काय दिसतं? आधी नळीचा कॉक पूर्ण बंद केला, दाब दाखवला. मग कॉक पूर्ण उघडला, फुगा उडेल एवढी हवा दाखवली. दोन्ही खरं आहे, पण एकाच वेळी खरं नाही. बंद कॉकला प्रवाह शून्य, म्हणजे उपयोगी काम शून्य. उघड्या कॉकला दाब शून्य, काम पुन्हा जवळपास शून्य. कमी दाबाच्या हवेचा साधा हिशेब म्हणजे दाब गुणिले प्रवाह, भागिले शाफ्टला दिलेली ताकद, आणि तिन्ही मापं एकाच क्षणाची हवीत. बंद कॉकचा दाब आणि उघड्या कॉकचा प्रवाह गुणले तर माझा टेबलफॅनही चमत्कार ठरेल.

टेस्लाने स्वतः असली चलाखी केली नव्हती. १९११ मध्ये न्यूयॉर्क एडिसन कंपनीच्या वॉटरसाइड वीजकेंद्रात त्याने दोन टर्बाइन समोरासमोर जोडली. एक चालवणारं, दुसरं त्याला ब्रेक लावणारं, मध्ये पीळ मोजणारी स्प्रिंग. लोडवर मोजायचं असतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

भाच्याचा हट्ट म्हणून आम्हीही करून पाहिलं. जुन्या हार्ड डिस्कच्या ९५ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या चकत्या, लेथवर केलेला हब, हवा शिरायला हबमध्ये खाचा. गेज म्हणून इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पारदर्शक नळी आणि त्यात निळ घातलेलं पाणी. आकडेमोड आधीच करून ठेवली होती. ७,२०० फेऱ्यांवर चकतीची कड सेकंदाला ३६ मीटरने धावते. हवेने तो वेग पूर्ण घेतला आणि वेगाचाही सगळा दाब झाला, तरी पाणी जेमतेम १६ सेंटीमीटर चढेल. आमचं दहाच्या खालीच थबकलं. भाचा नळीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "टायर राहू दे मामा, फुगा तरी फुगेल का?"

१६ सेंटीमीटर पाणी म्हणजे ०.२३ पीएसआय. गाडीच्या टायरला ३२ लागतात. एकाच टप्प्यात तेवढा दाब काढायचा तर, एक टक्काही नुकसान न धरता, त्याच चकत्या मिनिटाला सुमारे ६९,००० फेऱ्यांनी फिरवाव्या लागतील. तेव्हा कडेचा वेग आवाजाच्या वेगाइतका होतो. अनेक लॅपटॉपच्या हार्ड डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात, वरून धातूचा मुलामा, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. त्या फुटल्या तर भुगा होऊन सगळीकडे उडतात. व्हिडिओतला माणूस गॉगलशिवाय वाकून बघतोय. कृपा करून मुलांना हे करू देऊ नका.

दडपादडपीबद्दल थोडंच पुरे. पंप आणि टर्बाइनची दोन्ही पेटंटं ६ मे १९१३ रोजी मंजूर झाली. तेव्हा अमेरिकी पेटंट १७ वर्षांचं असे, म्हणजे १९३० पासून ही कल्पना जगाला फुकट आहे. मिलवॉकीच्या ॲलिस-चाल्मर्स कंपनीने तर टेस्लाला हाताशी धरून मोठी टर्बाइन बांधून तपासली. कार्यक्षमता ३८ टक्क्यांच्या आसपास अडकली, आणि यंत्र खोललं तेव्हा चकत्या वेड्यावाकड्या झालेल्या आढळल्या. तेव्हाच्या पोलादाला तो वेग आणि ती वाफ झेपली नाही.

आणि हे यंत्र अडगळीतही गेलेलं नाही. घट्ट राडा, वाळूमिश्रित गाळ, बुडबुड्यांनी भरलेलं द्रव, जिथे पाती घासून जातात किंवा माल चेंदतात, तिथे डिस्क पंप आजही विकत मिळतात. तिथे दोन-चार टक्के कमी-जास्त झाल्याने कुणाचं अडत नाही, पंप आठवडाभर बंद पडला तर अडतं. अगदी चिमुकल्या यंत्रांतही, जिथे पाती कोरणंच अवघड, चकत्यांवर संशोधन चालू असतं.

तो व्हिडिओ तुमच्याकडे आलाच, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: कॉक अर्धा उघडा ठेवून दाब किती, प्रवाह किती, आणि त्याच वेळी मोटर किती वॅट खात होती? मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हेच विचारलं. तीन जणांनी नमस्काराचे हात टाकले, एकाने तोच व्हिडिओ पुन्हा पाठवला.