लेस्बियन लेखिकेचं करिअर होत नाही म्हणणाऱ्यांनी फिलिस नॅगीचं काम बघावं

पुण्यातल्या नाटकवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लेस्बियन लेखिका शेवटी स्वतःचीच कहाणी लिहीत बसते, म्हणून ती छोट्या हॉलच्या पुढे जात नाही, आणि तसंही हे परदेशी फॅड आहे, मराठी रंगभूमीचा याच्याशी संबंध नाही. एकांकिका लिहिणाऱ्या पोरी हे वाचतायत, म्हणून गप्प बसवत नाहीये.

स्वतःचीच कहाणी? नाटककार आणि पटकथाकार फिलिस नॅगी, जन्म न्यूयॉर्कचा, १९६२, नंतर लंडनला जाऊन रॉयल कोर्टसारख्या थिएटरात नाटकं केली. उघडपणे लेस्बियन. तिनं अमेरिकन कादंबरीकार पॅट्रिशिया हायस्मिथच्या 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' या कादंबरीवर नाटक लिहिलं, त्यातला रिप्ली तर खुनी पुरुष आहे. २००५ ला 'मिसेस हॅरिस' हा सिनेमा लिहिला आणि डायरेक्टही केला, १९८० ची खरी केस, मुख्याध्यापिका बाईंच्या हातून त्यांच्या डॉक्टर प्रियकराचा गोळ्या लागून मृत्यू. आता यात नॅगीची कहाणी कुठेय सांगा. आणि एखाद्या लेखकानं जन्मभर नवरा-बायकोच लिहिले तर त्याला कोणी असं बोलतं का?

पुढे जात नाही हा मुद्दा तर 'कॅरोल' या सिनेमापुढे टिकतच नाही. तो ज्यावर बेतलाय ती दोन बायकांच्या प्रेमाची कादंबरी हायस्मिथनं १९५२ मध्ये टोपणनावानं छापली होती. नॅगीनं पटकथा नव्वदच्या दशकात लिहायला घेतली आणि सिनेमा आला २०१५ ला, मधली सगळी वर्षं पैसा उभा राहत नव्हता, ती मात्र ड्राफ्टवर ड्राफ्ट करत राहिली. शेवटी ऑस्करचं नॉमिनेशन, न्यूयॉर्कच्या समीक्षकांचं बेस्ट स्क्रीनप्ले. पण मला बक्षिसांपेक्षा तिचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. कादंबरी सगळी कॅरोलच्या प्रेमात पडलेल्या थेरेसच्या नजरेतून आहे, कॅरोल आपल्याला बाहेरूनच दिसते. सिनेमात मात्र आपण कॅरोलसोबत वकिलांच्या खोलीत बसतो, ती मुलीचा ताबा सोडते, फक्त भेटू द्या म्हणते, आणि भांडण कुरूप करायचं नाही म्हणून उठते. नाटकवालीच लिहू शकते असा सीन, एक खोली, मोजकी माणसं आणि आवाज न चढवता सगळं हरणं. अजून एक, कादंबरीतली थेरेस नाटकाचे सेट डिझाइन करते, सिनेमात ती फोटो काढते, म्हणजे तिचं कॅरोलकडे बघत राहणं आपल्याला न बोलता दिसतं. एकांकिकेतून पटकथेकडे जाऊ बघणाऱ्या प्रत्येकानं हे दोन बदल कादंबरी शेजारी ठेवून बघावेत.

राहिलं परदेशी फॅड. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ चं आहे, रोहिणी हट्टंगडींनी केलेली सुमित्रा, म्हणजे मित्रा, एका बाईवर प्रेम करते आणि ते लपवत नाही. मराठी नाटक, मराठी लेखक, मराठी प्रेक्षक. तक्रार करायचीच तर वेगळी करा, की त्यात मित्राची गोष्ट तिचा दोस्त बापू सांगतो आणि मित्रा शेवटी जीव देते. ती स्वतः लिहायला बसली असती तर काय लिहिलं असतं, हे आपल्या रंगभूमीनं फार कमी वेळा ऐकलंय. आत्ता कुठे काही पोरी ते लिहायला लागल्यात, त्यांच्या वाचनाला जा, स्क्रिप्ट मागून घ्या, सीन जमला नसेल तर तेही तोंडावर सांगा.