डिस्कच्या वाटणीतला धोका नेमका कोठे असतो

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. विंडोज १० असलेल्या जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर जागा मोकळी करून तेथे लिनक्स मिंट ही दुसरी, मोफत कार्यप्रणाली बसवावी आणि दोन्ही प्रणाली गरजेप्रमाणे आळीपाळीने वापराव्यात, असे मी लेखात सुचवले होते. त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. सर्वसामान्य माणसाला डिस्कचे पार्टिशन करायला, म्हणजे तिचे स्वतंत्र भाग पाडायला, सांगणे बेजबाबदारपणाचे आहे, हा पहिला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आपल्या परिचितांच्या वर्कशॉपमध्ये कोणीतरी लिनक्स बसवून दिले आणि विंडोजसह D ड्राइव्हवरची सगळी ड्रॉइंग गेली. ५०० जीबीच्या त्या डिस्कवर आता केवळ लिनक्स दिसते, असे आपण लिहिले आहे. व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे एका प्रणालीच्या आत दुसरी चालवण्याची, सोय असताना डिस्कला हात लावण्याचे कारणच नाही, हा दुसरा.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येईल. ज्याला लिनक्स केवळ शिकून पाहायचे आहे, त्याने व्हर्च्युअल मशीनच वापरावे, याबद्दल आपले एकमत आहे. माझा लेख मात्र वेगळ्या माणसासाठी होता. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेल्या वाढीव सुरक्षा-अद्यतनांची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. ज्या छापखान्यात लग्नपत्रिका श्रीलिपी आणि कोरलड्रॉवर होतात, किंवा ज्या दुकानाचा हिशेब टॅलीत आहे, तेथे विंडोज काढून टाकता येत नाही; आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्याने ते या यंत्रांवर रीतसर चढतही नाही. अशा ठिकाणी विंडोज केवळ त्या कामापुरते, इंटरनेटची जोडणी काढून चालवावे आणि मेल, बँक व ब्राउझर यांसाठी लिनक्स सुरू करावे, हा त्या लेखाचा हेतू होता. विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन चालवले, तर खालची प्रणाली विंडोज १० च राहते आणि नेटवर्कवरही तीच राहते, म्हणजे मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो. शिवाय ४ जीबी रॅमची दोन प्रणालींत एकाच वेळी वाटणी केली, तर दोन्हीही रखडतात. उलट रचना, म्हणजे लिनक्सच्या आत विंडोज, १६ जीबी रॅमच्या यंत्रावर चांगली चालते. पण लायसनची डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी यूएसबीला लावावी लागणारी किल्ली) आणि जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर तेथे कसे वागतील, हे आधी तपासल्याशिवाय मी कोणाच्या चालू धंद्यात ती सुचवणार नाही.

आता उद्यमनगरातील घटनेविषयी, कारण ती मला अधिक गंभीर वाटते. पार्टिशन आकसताना काही बिघडले असते, तर एखादा ड्राइव्ह खराब झाला असता किंवा विंडोज सुरू होणे थांबले असते. सगळी डिस्क लिनक्सकडे गेली, याचा अर्थ इन्स्टॉलरमध्ये ‘संपूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय निवडला गेला, हे जवळजवळ निश्चित आहे. तेथे वाटणी झालीच नाही. जाणत्या माणसाकडूनही तो पर्याय का निवडला जातो, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमबीआर प्रकारच्या डिस्कवर पार्टिशनांची नोंद पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असते. त्यातील ६४ बाइट या नोंदींसाठी राखलेले असून प्रत्येक नोंद १६ बाइटची असते. त्यामुळे प्राथमिक पार्टिशने चारच होऊ शकतात. ही रचना १९८३ सालच्या डॉसपासून चालत आली आहे. अनेक जुन्या यंत्रांवर सिस्टिम रिझर्व्हड, C, D आणि कंपनीचे रिकव्हरी पार्टिशन मिळून या चारही जागा आधीच भरलेल्या असतात. अशा वेळी C आकसून १०० जीबी जागा मोकळी केली, तरी त्या जागेत पाचवे पार्टिशन करता येत नाही. मग लिनक्सच्या इन्स्टॉलरला ‘विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा’ हा पर्याय देता येत नाही, आणि समोर सर्वांत वर उरतो तो डिस्क पुसण्याचा. घाईतील माणूस ‘पुढे’ दाबतो. दुसरी फसगत विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये होते. तेथे पाचवे पार्टिशन करू लागल्यास ते डिस्क ‘डायनॅमिक’ करण्याची परवानगी मागते, आणि ती दिल्यास त्या डिस्कवर लिनक्स बसवणे फार अवघड होऊन बसते. ती परवानगी कधीही देऊ नये.

म्हणून पहिले पाऊल आकसण्याचे नव्हे, मोजण्याचे असावे. डिस्क मॅनेजमेंट उघडून डिस्क नव्या पद्धतीची, जीपीटी आहे की एमबीआर, हे पाहावे. जीपीटीवर विंडोज १२८ पार्टिशने करू देते, त्यामुळे ही अडचण उद्भवतच नाही. एमबीआर असून चारही जागा भरलेल्या असतील, तर D वरील सर्व माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती उघडून तपासावी, मग D काढून टाकून त्या जागेत आत आणखी भाग पाडता येणारे एक्स्टेंडेड पार्टिशन करावे आणि त्याच्या आत नवा D व लिनक्स यांना लॉजिकल पार्टिशने द्यावीत. लिनक्स लॉजिकल पार्टिशनवरून विनातक्रार सुरू होते.

बाकीची पथ्ये लेखात आलेलीच आहेत. विंडोजचे पार्टिशन विंडोजच्याच साधनाने आकसावे, विंडोज पूर्णपणे बंद न होऊ देणारे फास्ट स्टार्टअप बंद करावे, बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. पार्टिशनची सुरुवातीची कड सरकवण्याच्या फंदात मात्र पडू नये, कारण त्यात आतील सगळी माहिती जागची हलवावी लागते, तास-दोन तास सहज जातात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बॅटरी खराब झालेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम करणे मला मुळीच मान्य नाही.

आपल्या परिचितांची ड्रॉइंग परत मिळण्याची शक्यता अजून असू शकते, म्हणून एक कळकळीची विनंती करतो. तो संगणक त्यांनी आजच बंद करावा. साधी, फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर डिस्क पुसण्याच्या पर्यायाने पार्टिशनांची नोंद बदलते आणि नव्या प्रणालीच्या फाइली काही भागात लिहिल्या जातात; उरलेल्या भागातील जुना मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, तसाच राहतो. मात्र रोजच्या वापराने तो भाग दिवसेंदिवस कमी होत जातो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, तिची सेक्टर-दर-सेक्टर प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यावी आणि त्या प्रतीवर टेस्टडिस्क हे मोफत साधन चालवून जुने D पार्टिशन सापडते का, हे पाहावे. मूळ डिस्कवर कोणताही प्रयोग करू नये. ती एसएसडी असेल, तर ट्रिममुळे, म्हणजे पुसलेली जागा आतून रिकामी करण्याच्या सोयीमुळे, जुना मजकूर बहुधा पुसला गेलेला असेल आणि आशा फारच कमी आहे. त्यांनी डिस्कचा प्रकार कळवल्यास पुढच्या पायऱ्या मी येथेच सविस्तर लिहून देईन.