मागचा ॲक्सल आणि पुढचे सल्लागार

बेळगाव जिल्ह्यात जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला एकटेपणाची चिंता करावी लागत नाही. गाडीखाली जॅक लागल्याचे गल्लीत कळायचा अवकाश, की निवृत्त शिक्षक, ऊसवाले बागाईतदार, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार आणि ज्यांना नुसतेच काम नाही असे सर्वजण आपापली मते घेऊन हजर होतात. आमच्या पिकअपचा मागचा ॲक्सल, म्हणजे मागची चाके फिरवणारा आडवा सांगाडा, बदलायचे ठरले तेव्हा मिस्त्री एकच होता आणि सल्लागार मोजण्यापलीकडचे होते.

ही गाडी विलीस जीपच्या घराण्यातली. अमेरिकेत विलीसचे पिकअप १९४७ पासून १९६५ पर्यंत तयार होत होते, आणि त्याच दशकात महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. आमच्या गाडीने उमेदीच्या काळात निपाणीच्या बाजारात तंबाखूची पोती वाहिली आणि कोणीही, कधीही, पोती मोजून भरली नाहीत. त्यामुळे क्राऊनचे, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचे, दात झडले आणि चाक फिरवणाऱ्या शाफ्टवर चावी, म्हणजे पकड देणारी लोखंडी पट्टी, बसण्याची खाच रुंदावली, यात गाडीचा दोष काढणे कृतघ्नपणाचे ठरेल.

नवा, म्हणजे दुसऱ्याचा जुना, ॲक्सल कोठे मिळेल यावर दोन पक्ष पडले. शिक्षकांचा पक्ष कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराचा होता, तर बागाईतदार हुबळीवर ठाम होते. अखेरीस आमच्याच बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या मागे असलेल्या एका भंगारवाल्याने ताडपत्री बाजूला सारून एक ॲक्सल दाखवला आणि देवदर्शन घडवल्याच्या स्वरात म्हणाला, ‘‘ओरिजनल हाय साहेब. आता असला माल कुठं मिळत नाही.’’

मिस्त्रीने मात्र कव्हर उघडून दात मोजले. ते क्राऊनवर ३९ आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनवर ८ निघाले, म्हणजे प्रमाण ४.८८ चे. आमच्या पुढच्या ॲक्सलचे दात ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. ज्या गाडीच्या चारही चाकांना ताकद जाते तिच्यात ही दोन प्रमाणे जुळावीच लागतात, नाहीतर पक्क्या रस्त्यावर फोर व्हील टाकताच पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा मधला ट्रान्सफर केस पिळवटून निघतो. पुढची चाके बेंगळुरूच्या हिशेबाने आणि मागची मुंबईच्या हिशेबाने फिरू लागली, की मधल्याचे काय होते, हे सीमाभागातील माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. भंगारवाल्याने न रागावता दुसरी ताडपत्री उचलली. तिच्याखाली ४३ आणि ८ दातांचा ॲक्सल होता, आणि तोही अर्थातच आता कुठे मिळत नव्हता, त्यामुळे त्याची किंमत पहिल्यापेक्षा अधिक होती.

खरी कसोटी जुना ॲक्सल उतरवताना लागली. या जातीच्या ॲक्सलमध्ये शाफ्टचे टोक निमुळते असते, त्यावर चावी घालून हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बसवतात आणि बाहेरून नट आवळून पिन घालतात. आणि इतक्या वर्षांत हब आणि शाफ्ट यांची अशी दिलजमाई झालेली असते की त्यांना वेगळे करणे पाप वाटावे. मिस्त्रीने हब ओढून काढणारा पुलर लावून तो आवळला, पुलरच्या स्क्रूवर घण घातला, पुन्हा आवळला. हब हलला नाही. सुभेदारांनी घण धरण्याची शास्त्रोक्त पद्धत दाखवली, शिक्षकांनी उष्णतेने धातू प्रसरण पावतात हा पाठ नव्याने घेतला. मिस्त्रीने शांतपणे हात पुसले. ‘‘राहू देत की वो साहेब. रातभर ताण खाऊ दे त्याला. सकाळी आपलं आपण येतंय बघा.’’ जाताना त्याने नट पूर्ण न काढता टोकावर चार आटे अडकवून ठेवला. हब सुटला तर उडून कोणाच्या नडगीवर जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. पण सल्लागारांना ती भित्रेपणाची खूण वाटली.

सकाळी चहा सुरू असताना, कोणीही हात लावलेला नसताना, बंदूक सुटावी तसा आवाज झाला आणि हब नटावर येऊन थांबला. सुभेदार सर्वांच्या आधी जमिनीवर आडवे झाले. याला प्रशिक्षण म्हणतात. बाकीच्यांनी कप सांभाळले.

पुढचे काम तुलनेने सरळ गेले. ॲक्सलला स्प्रिंगच्या पाट्यांशी जखडणारे यू बोल्ट गंजून बोल्टपेक्षा गंजच अधिक उरला होता, म्हणून ते कापून नवे घातले. पाट्यांच्या सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरच्या भोकात नीट बसल्याची खात्री मिस्त्रीने बोटाने चाचपून केली, कारण तेथे चूक झाली तर गाडी तिरकी चालते. ऑइल सील नवे पडले, नव्वद नंबरचे तेल भरले, ब्रेकमधली हवा काढली. वंटमुरी घाट चढून उतरल्यावर यू बोल्ट पुन्हा एकदा आवळले.

उरला जुना ॲक्सल. तो मी त्याच भंगारवाल्याकडे नेला. त्याने त्याच्याकडे पाहिलेही नाही, सरळ काट्यावर टाकला आणि किलोच्या भावाने पैसे माझ्या हातावर ठेवले. मी पैसे मोजून वर पाहतो तोवर त्याचा पोऱ्या तो उचलून आत नेत होता आणि मालक त्याला ओरडून सांगत होता, ‘‘अरे, नीट ठेव की. वर ताडपत्री घाल.’’