संशोधन कामगारांपर्यंत पोचू न देता अनुदान कसं संपवावं

‘बदलतं कामाचं जग’ या विषयावरचं संशोधन लोकांपर्यंत नेण्यासाठी अनुदान निघालंय आणि तुम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातले आहात? मग अर्ज कराच. कच्च्या मालाची आपल्याकडे ददात नाही. निपाणीत बीडी, वडगाव-शहापूर-खासबागेत यंत्रमाग, उद्यमबाग आणि होनग्यात फाउंड्र्या, हत्तरगीला विमानाचे सुटे भाग, हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या, खानापुरातून गोव्याला कामाला जाणारी पोरं आणि टिळकवाडीत मोबाईलकडे डोळे लावून ऑर्डरची वाट बघणारे दुचाकीवाले. ‘एका जिल्ह्यात तीन शतकं नांदतात’ हे वाक्य अर्जात टाकाच. निवड समितीत कुणी ना कुणी त्याखाली रेघ मारतो.

अर्जात ‘हे कुणासाठी?’ असा एक रकाना असतो. तिथे ‘धोरणकर्ते, माध्यमं, नागरी समाज आणि कामगार’ असं लिहा. क्रम बदलू नका. ‘निपाणीत हजार बीड्यांवर मजुरी घेणाऱ्या बायका’ असं नेमकं लिहून बसलात तर त्यांना काय मिळणार, कोणत्या महिन्यात आणि कुणाच्या हातून, हेही लिहावं लागेल. शिवाय ते तपासता येतं. ‘नागरी समाज’ कुणी मोजायला जात नाही.

मग मुलाखती. संमतीपत्र तीन पानी आणि इंग्रजीत असू द्या, शेवटच्या पानावर अंगठ्याला जागा सोडा. बीडी वळणारी मावशी अंगठा उठवते, तुमची नैतिकता समिती खूश. प्रश्न असा विचारा: “मावशी, तुमच्या कामात डिजिटल परिवर्तन काय झालं?” ती म्हणेल, “पूर्वी कारखान्यापर्यंत चालत गेल्यावर कळायचं आज पान नाही म्हणून. आता मोबाईलवरच सांगतात, येऊ नका.” सगळ्या अहवालात धड असं हे एकच वाक्य असेल. ते तळटीपेत घाला आणि वर ‘तंत्रज्ञानाधारित पुरवठासाखळी समन्वय’ असं लिहा.

आता जरा जपून, कारण इथून पुढे कामाची माहिती हाती लागण्याचा धोका आहे. बीडी मोजायच्या टेबलाजवळ अर्धा तास उभं राहिलात तर दिसेल: जुडी २५ची, तपासनीस ती दोन्ही अंगांनी दाबून बघतो, एखादी तोंडाशी सैल लागली की ती छाटेत, म्हणजे नापास मालात. छाटेची मजुरी नाही, आणि बऱ्याचदा ती बीडी परतही मिळत नाही. बीडी वळायला दिलेलं पान हजार बीड्यांना पुरत नाही, म्हणून कमी पडलेलं पान बाई पदरच्या पैशानं घेते. म्हणजे दर कागदावर एक आणि हातात पडतो दुसरा. छाट किती काढता येते याला १९६६च्या बीडी-सिगार कामगार कायद्याखालच्या नियमांत टक्क्यांची मर्यादा होती. तो कायदा आता चार श्रमसंहितांपैकी एकीत गेला, आणि संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या. ‘मग माझ्या छाटेचं काय?’ हा प्रश्न तुमच्या सर्वेक्षणात दर दुसऱ्या घरात येईल. त्याचं उत्तर पहिल्या पानावर देऊ नका. ‘नियामक संक्रमण’ नावाचं प्रकरण काढा आणि ते परिशिष्ट चारमध्ये ठेवा.

पोरांच्या शिष्यवृत्तीबद्दलही विचारतील. १९७६च्या बीडी कामगार कल्याण निधीला पैसा उपकरातून यायचा, आणि जुलै २०१७मध्ये जीएसटी आल्यावर तो उपकर बंद झाला, एवढं दोन ओळींत सांगता येतं. पण दोन ओळींचं अनुदान कोण देतं?

उद्यमबागेच्या गेटवर याहून मोठा सापळा आहे. तिथे सगळेच स्वतःला ‘कंत्राटी’ म्हणवतात. त्यातले काही कंपनीनेच ठरावीक मुदतीच्या पत्रावर घेतलेले असतात आणि बाकीचे ठेकेदाराच्या हजेरीवर. नव्या संहितेत ठरावीक मुदतीवाल्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षाच्या नोकरीवर हिशेब होतो. ठेकेदाराकडच्याला ही सवलत नाही. नेमणूकपत्र काढून वर नाव कुणाचं आहे ते बघा, एवढं एका कागदावर छापून पाळी सुटताना वाटलं तर तासाभरात गेटवर चर्चा सुरू होईल. म्हणून छापू नका. दोघांना मिळून ‘अनिश्चित रोजगारातील घटक’ म्हणा आणि पुढे चला. दुचाकीवाल्यांचंही तसंच. कर्नाटकाने २०२५मध्ये गिग, म्हणजे ॲपवरून काम घेणाऱ्या कामगारांसाठी कायदा केला. कामगाराला मिळणाऱ्या मोबदल्यावर दर व्यवहारामागे १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपनीने भरायचं, आणि कारण लेखी देऊन १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय काढायचं नाही. सकाळी उठून आयडी बंद झालेला दिसला की त्या पोराला नेमकी हीच ओळ लागते. तुम्ही त्याला अल्गोरिदमवरच्या परिसंवादाला बोलवा. दुपारी १ वाजता, म्हणजे ऐन जेवणाच्या ऑर्डरींच्या वेळी.

अंदाजपत्रकाकडे नीट लक्ष द्या. दहा लाख मिळाले तर मानधनं ४ लाख, अहवालाची मांडणी आणि छपाई १ लाख ८० हजार, हॉटेलातला प्रकाशन सोहळा दीड लाख, पॉडकास्ट ९० हजार, बाहेरच्या माणसाकडून मूल्यमापन ८० हजार, प्रवास ६० हजार, ऑडिट २५ हजार. उरले १५ हजार. ते ‘स्थानिक भाषांतील साहित्य’ या नावाखाली ठेवा. कन्नड आणि मराठी दोन्ही त्यातच. शेवटचा हप्ता बहुधा अहवाल पोचल्यावरच मिळतो, त्यामुळे हे काम आपोआप प्रकल्प संपल्यानंतरचं होतं आणि प्रकल्प संपल्यावर खर्च दाखवता येत नाही. इतकी सोयीची तारीख ठरवूनही सापडली नसती.

पैसा परदेशी असेल तर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही आणि २०२०च्या दुरुस्तीपासून दुसऱ्या संस्थेला वाटून देता येत नाही. हा शेवटचा नियम तुमच्या पथ्यावर पडतो. ज्या संघटनेला निपाणीतली गल्ली न् गल्ली ठाऊक आहे तिला हिस्सा द्यायचा प्रश्नच मिटला, ऋणनिर्देशात नाव द्या. (त्यांच्या कार्यकर्त्याला रीतसर मानधनावर घेता येतं, ही गोष्ट चार्टर्ड अकाउंटंटला विचारू नका. तो ‘हो’ म्हणेल.) कंपन्यांच्या सामाजिक निधीत प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला असते, तुमच्या संस्थेचा खर्च त्यात धरत नाहीत, तेव्हा समन्वयकाचा पगार ‘कार्यक्रम’ या शीर्षाखाली बसवायला आधीच शिका.

पॉडकास्ट हवाच. वडगावात माग घरातच, बाहेरच्या खोलीत. चार माग सुरू असले की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. तिथे ध्वनिमुद्रण करायचं तर माग थांबवावे लागतील, आणि माग थांबला की विणलेल्या वारांवर मजुरी घेणाऱ्या विणकराचा तेवढा पैसा बुडाला. भरपाईचा रकाना अंदाजपत्रकात नाही. म्हणून विणकराला टिळकवाडीतल्या हॉटेलच्या खोलीत आणा, एसी बंद करा, आणि नंतर संपादकाला सांगून मागाची खटखट ध्वनिसंग्रहातून मागे लावून घ्या. कार्यक्रम ४० मिनिटांचा, प्रश्न इंग्रजीत. विणकर सुताच्या भावाबद्दल आणि सुरतेच्या स्वस्त साडीबद्दल बोलू लागला की तो भाग कापा, विषय ‘स्वयंचलन’ आहे. दोन मिनिटांची मराठी आणि कन्नड ध्वनिफीत व्हॉट्सॲपवर सोडली तर ती संध्याकाळपर्यंत खासबागेतून येळ्ळूरपर्यंत फिरेल, पण किती जणांनी ऐकली ते मोजता येणार नाही. जे मोजता येत नाही ते करू नका.

प्रकाशन डिसेंबरात ठेवा, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असताना. ‘धोरणकर्ते गावातच असतील’ हे कारण कागदावर बिनतोड दिसतं. प्रत्यक्षात त्या दिवसांत हॉटेलात खोली मिळत नाही, अधिकारी बंदोबस्तात आणि उत्तरं तयार करण्यात, आणि पत्रकार सभागृहात. येतील ते तुमच्यासारखेच अनुदानवाले. फलकाचा हिशेब आधी लावा: २०२४पासून नामफलकावर ६० टक्के कन्नड हवं, तेव्हा आपल्या फलकालाही कशाला वाद, वरची ६० टक्के जागा देऊन टाका. त्याखाली देणगीदाराचं आणि भागीदारांचं बोधचिन्ह, मग इंग्रजी शीर्षक. मराठी दोरी ओवायच्या भोकांच्या मधोमध बसते. कामगार प्रतिनिधीला व्यासपीठावर बसवा, पण बोलायला शेवटी द्या, आभारानंतर. कुंदा ज्यादा मागवा, परतीच्या पिशव्यांत भरायला लागतो.

राहिला पोहोच दाखवण्याचा भाग. समाजमाध्यमावरची एक जाहिरात पैसे भरून पुढे ढकला, आवड म्हणून ‘रोजगार’ निवडा. नोकरी शोधणारी पोरं त्याखाली ‘पगार किती?’, ‘जागा कुठं आहे?’ विचारू लागतील. कुणालाही उत्तर देऊ नका, उत्तर दिलं की तोच पुन्हा विचारत नाही. ते सगळे प्रश्न ‘सहभाग’ म्हणून धरा आणि आलेख चढता काढा.

विनियोग प्रमाणपत्र भरताना त्या १५ हजारांपुढे शून्य खर्च दिसेल. सरकारी अनुदान असेल तर न खर्चलेली रक्कम आणि बँकेत पडून राहिलेलं व्याज दोन्ही परत करावं लागतं, लपवायला जाऊ नका. उलट ती पावती जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या अर्जात ‘आजवरचं संशोधन कामगारांपर्यंत त्यांच्या भाषेत पोचलेलं नाही’ या वाक्याला पुरावा म्हणून जोडता येते. रक्कम या खेपेला १५ लाख मागा.